चौदाव्या रिळाची चिठ्ठी

पहिल्या किकेला मोटारसायकल नुसती खोकली. दुसऱ्या किकेला तिने मागून काळा धूर सोडला आणि पुन्हा गप्प झाली. वरच्या गॅलरीत उभा असलेला मुलगा याचीच वाट बघत होता.

"बाबा, अजून वेळ गेलेली नाही. नऊची बस आहे."

"बसने रिळं जात नसतात," इंटरव्हल म्हणाला आणि त्याने तिसरी किक मारली. मोटारसायकल सुरू झाली. तिला आयुष्यभर तिसरी किकच लागत आली होती, आणि हे घरात फक्त दोघांना माहीत होतं. एक तो आणि दुसरी ती मोटारसायकल.

इंटरव्हल हे काही आईबापाने ठेवलेलं नाव नव्हे. पण ते त्याला इतकं चिकटलं की बँकेतला कारकूनसुद्धा सहीकडे बघण्याआधी "या इंटरव्हलसाहेब" म्हणायचा. आज वय अडुसष्ट. गुडघे कुरकुरतात, डाव्या कानाला कमी ऐकू येतं, तेही बायको बोलायला लागली की जास्त. असा माणूस दोन मुक्कामांच्या, चारशे किलोमीटरच्या वाटेला एकटा निघतो, तर मुलाने काळजी केली यात त्याचं काही चुकलं नाही. चुकलं ते एवढंच, की तो आठवडाभर उंटावरून शेळ्या हाकत होता. फोनवर बोला, व्हिडिओवर बोला, मी लावून देतो. काही गोष्टी फोनवर बोलता येत नाहीत हे त्या पिढीला कोणी शिकवलेलं नाही.

बायकोने मात्र त्याला अडवलं नव्हतं. तिने पहाटे उठून कपाटावरचा पत्र्याचा गोल डबा खाली काढला. तीस वर्षं त्यात तिची बटणं, रिबिनी आणि दोऱ्याची गुंडाळी राहत होती. ते सगळं तिने एका पिशवीत ओतलं, डबा फडक्याने पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"घ्या. आणि एक विचारू? सांगणार आहात ना नक्की? की तिथे जाऊन चहा पिऊन, ताकाला जाऊन भांडं लपवून परत येणार?"

"सांगणार आहे."

"नाही सांगितलंत तर परत येताना माझ्यासाठी काही आणू नका. स्वतःलासुद्धा."

आता डबा कसला आणि सांगायचं काय, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

त्या काळी सिनेमाची एकच प्रत यायची आणि गावं दोन असायची. चौदा किलोमीटरच्या अंतरावर दोन चित्रपटगृहं, दोन्हींचा मालक एक आणि सिनेमाही एक. पहिल्या गावात तीनला खेळ सुरू व्हायचा, दुसऱ्यात पावणेपाचला. पहिल्या गावात अर्धा सिनेमा दाखवून झाला की ती सात रिळं पत्र्याच्या डब्यांत भरून मोटारसायकलवर लादायची आणि दुसऱ्या गावात पोचवायची. मग परत फिरून उरलेली सात आणायची. हे काम आपल्या माणसाचं. दुसरी खेप घेऊन तो पोचायचा तेव्हा तिथे मध्यंतराची वेळ झालेली असायची. बाहेर मोटारसायकलचा आवाज आला की अख्खं थिएटर चहासाठी उठायचं, पडद्यावर नायिका मरत असली तरी. तेव्हापासून तो इंटरव्हल.

पहिल्या गावचा ऑपरेटर कार्बन. यंत्रात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या तो अगदी नखाएवढ्या उरेपर्यंत वापरायचा आणि त्याची बोटं कायम काळी असायची. दुसऱ्या गावचा फोकस. त्याच्या चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडासारखी, पण पडद्यावरचं चित्र केसभर जरी धूसर झालं तरी त्याला पहिल्यांदा कळायचं. दोघे एकाच वेळी आपापल्या केबिनमध्ये अडकलेले, त्यामुळे अकरा वर्षांत त्यांची प्रत्यक्ष भेट झाली असेल सात-आठ वेळा. तरी एवढी दोस्ती मी दुसरी पाहिलेली नाही. ती सगळी चिठ्ठ्यांवर चालायची.

सुरुवात कामापासूनच झाली होती. फीत जुनी झाली की तुटते, मग ती जोडावी लागते. कार्बन रिळाच्या डब्यात कागदाचा कपटा टाकायचा: 'भाग चारमध्ये जोड कच्चा आहे, सांभाळून.' फोकस त्याच कपट्याखाली निळ्या पेन्सिलीने लिहायचा, 'मिळाली', आणि परतीच्या खेपेला तो कपटा कार्बनकडे जायचा. कार्बन तो तारेत ओवून ठेवायचा. चिठ्ठी गेली आणि 'मिळाली' आली की काम नीट झालं, एवढाच त्याचा अर्थ. पण रोज दोन खेळ, रोज दोन चिठ्ठ्या, माणूस किती दिवस जोडांबद्दल लिहिणार? हळूहळू खाली आणखी ओळी यायला लागल्या. 'मुलीला दात आला.' 'मिळाली. माझा एक पडला.' 'बायको माहेरी गेली आहे, भांडी कशाने घासतात?' 'मिळाली. राखेने. पण आधी तिला परत बोलाव.' एकदा तर बुद्धिबळाचा एक डाव पाच महिने चालला होता, खेपेला एक चाल. इंटरव्हल चिठ्ठ्या कधी वाचायचा नाही. तो म्हणायचा, मी गाढव आहे, साखर वाहतो, चाखत नाही. पण तुमच्या-माझ्यात सांगायचं तर त्याला वाचायची गरजच नव्हती. दोघेही आपण काय लिहिलं ते त्याला तोंडीसुद्धा सांगायचे.

त्या चौदा किलोमीटरचा एकेक खड्डा त्याला पाठ होता. पुलाशी वेग कमी करायचा, वीटभट्टीशी श्वास रोखायचा, शाळेच्या कुंपणाशी हॉर्न द्यायचा. मागे डबे खडखडत असायचे आणि त्यात दोन माणसांचं अख्खं आयुष्य कागदाच्या कपट्यांवर हिंडत असायचं. त्यापेक्षा महत्त्वाचं काम आपण पुढे कधी केलं नाही, असं तो आजही म्हणतो. पुढे त्याने वीस वर्षं बेकरीची गाडी चालवली, पण पावाच्या ट्रेमधून कोणी कोणाला चिठ्ठी पाठवली नाही.

आणि मग तो रविवार.

दुपारचा खेळ संपता संपता कार्बनकडचं रीळ गुंडाळायचं यंत्र मोडलं. त्याचा दांडाच तुटला. दाखवून झालेलं रीळ शेवटाकडून उघडं असतं. ते उलट गुंडाळून पुन्हा सुरुवातीला आणावं लागतं, नाहीतर सिनेमा शेवटापासून सुरू होतो. तेरा रिळं गुंडाळून झाली होती, चौदावं राहिलं. कार्बनने चिठ्ठी लिहिली, पण डब्यात टाकली नाही. जिना उतरून खाली आला आणि स्वतः इंटरव्हलच्या हातात दिली. "हे त्याच्या हातात दे. आज विसरू नकोस, महत्त्वाचं आहे."

महत्त्वाचं आहे, तिथेच सगळं बिघडलं. रोजची चिठ्ठी डब्यात जायची आणि डबा उघडला की फोकसला मिळायची. त्यात इंटरव्हलने काही लक्षात ठेवायची गरज नव्हती. ही मात्र महत्त्वाची, म्हणून त्याने ती नीट घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, सगळ्यात सुरक्षित जागी. वाटेत चाक पंक्चर झालं, दहा मिनिटं उशीर झाला, पोचल्या पोचल्या त्याने डबे धावत वर नेऊन दिले आणि घामाघूम होऊन खाली चहाच्या टपरीवर येऊन बसला. खिसा त्याच्या छातीवर होता आणि चिठ्ठी डोक्यातून गेली होती.

त्या दिवशी फोकसचे वडील आले होते. म्हातारे मास्तर. सिनेमाचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या आणि मुलाने ही नोकरी धरल्यापासून ते त्या रस्त्याने जायचेसुद्धा नाहीत. वर्षानुवर्षं मनधरणी केल्यावर त्या रविवारी ते बाल्कनीत पहिल्या रांगेत येऊन बसले. फोकसने मध्यंतरात त्यांना स्वतः चहा नेऊन दिला होता.

शेवटचं रीळ लागलं आणि पडद्यावर आधी 'समाप्त' आलं, तेही डोकं खाली, पाय वर. मग ताटातूट झालेली आई, जी मुलाच्या गळ्यात पडायची होती, ती छताला लटकल्यासारखी धावत धावत मागे जायला लागली. लोक आधी हसले. फोकसने घाबरून यंत्र थांबवलं तशी फीत आत अडकली आणि दिव्याच्या उष्णतेने पडद्यावरच वितळली. मग लोकांचं हसू थांबलं. खुर्च्या मोडल्या. चार-पाच जण केबिनमध्ये घुसले आणि त्यांनी फोकसला कॉलर धरून जिन्यावरून खाली आणलं. त्याचा चष्मा कोणाच्या तरी पायाखाली गेला. मास्तर बाल्कनीतून हे सगळं बघत होते. त्यांनी आपला चष्मा काढला, डबीत घातला, डबी खिशात ठेवली आणि ते चालत घरी गेले. त्यावर ते कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि पुढच्याच वर्षी वारले.

इंटरव्हल परत पोचला तेव्हा फोनवरून सगळं कार्बनच्या कानावर गेलेलं होतं. "चिठ्ठी दिलीस ना?" कार्बनने विचारलं. "दिली," इंटरव्हल म्हणाला. खरंच सांगतो, त्या क्षणी तो खोटं बोलत नव्हता. अकरा वर्षं सगळ्या चिठ्ठ्या पोचल्या होत्या, ही न पोचायला काय झालं? घरी जाऊन शर्ट काढला तेव्हा ती घडी जमिनीवर पडली.

खरं खोटं तो दुसऱ्या दिवशी बोलला. फोकस म्हणाला, "कार्बन म्हणतोय त्याने चिठ्ठी पाठवली होती. होती का रे?" मालकाने आदल्याच संध्याकाळी जाहीर केलं होतं की ज्याची चूक असेल त्याने घरी बसावं. इंटरव्हलची दोन पोरं शाळेत होती. "मला नाही बुवा आठवत," तो म्हणाला.

एवढ्या एका वाक्यावर दोन माणसं आयुष्यभराची तुटली. कार्बनला वाटलं, मी लिहून कळवलं तरी याने मुद्दाम लावलं आणि वर मलाच खोटं पाडतोय. फोकसला वाटलं, याने न कळवता उलटं रीळ पाठवलं आणि वर चिठ्ठीची थाप मारतोय. त्यानंतर दोन वर्षं डबे येत-जात राहिले, पण त्यांत रिळांखेरीज काही नव्हतं. इंटरव्हल मूग गिळून ते वाहत राहिला. उद्या सांगू, असं म्हणत राहिला. मग एका चित्रपटगृहाचं सिमेंटचं गोदाम झालं, दुसरं पाडलं, आणि उद्याला एकतीस वर्षं झाली. नववर्षाला तो दोघांना फोन करायचा. दोघेही आडवळणाने तेच विचारायचे, "तो आहे का अजून?" आणि तो आहे कळलं की दोघेही म्हणायचे, "असू दे."

गेल्या महिन्यात फोकसचा फोन आला. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं. "आता सगळं लख्ख दिसतं रे," तो म्हणाला. "झाडाची पानंसुद्धा मोजता येतात. फक्त एकच गोष्ट अजून दिसत नाही. त्याने तसं का केलं असेल?" इंटरव्हलने फोन ठेवला आणि बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मोटारसायकलची सर्व्हिसिंग करून घ्या."

तर असा तो निघाला. मागे दोरीने बांधलेला डबा, आणि खिशात नव्हे, डब्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली ती जुनी चिठ्ठी. रस्ता नवा होता, रुंद, कुठे खड्डा नाही की वळण नाही, आणि त्यामुळेच त्याला करमेना. तरी डब्याचं खडखडणं तेच होतं. दर पन्नास किलोमीटरला थांबून तो गुडघे सरळ करायचा, मोटारसायकलच्या टाकीवर थोपटायचा आणि कार्बनसमोर म्हणायचं वाक्य पुन्हा एकदा म्हणून बघायचा. एका पेट्रोलपंपावर ते इतक्या मोठ्याने म्हटलं गेलं की हवा भरणारा माणूस म्हणाला, "तुमचं काय चुकलं, काका?"

दुपारी तीनला तो कार्बनच्या दारात पोचला. कार्बन मुलीकडे राहतो. खालच्या मजल्यावर पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचा एक टेबलभर धंदा. त्याने मोटारसायकलचा आवाज आतूनच ओळखला आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच घेऊन बाहेर आला.

"सव्वाचारला यायचं असतं. आज लवकर?" तो म्हणाला, आणि दोघे म्हातारे रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडले.

हीच वेळ होती, पण इंटरव्हलला ती साधली नाही. चहा झाला. मुलीने आणखी चहा केला. कोणाचं काय झालं, कोण गेलं, कोणाचे गुडघे बदलले, सगळं झालं. भिंतीवर खिळ्याला एक तार लटकत होती आणि तिच्यात पिवळ्या पडलेल्या कपट्यांचा गठ्ठा ओवलेला होता. तो बघितल्यावर मात्र इंटरव्हलला वाक्य आठवेना, म्हणून त्याने डबा उघडला आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

कार्बनने ती उघडली. स्वतःचं अक्षर ओळखायला त्याला वेळ लागला नाही. खाली निळ्या पेन्सिलीची ओळ नव्हती.

"कुठे होती?"

"खिशात."

"कुठल्या?"

"आतल्या. महत्त्वाची म्हणालास, म्हणून."

"मी तुला विचारलं होतं. दिलीस ना, म्हणून."

"तेव्हा मला वाटलं दिली. घरी गेल्यावर कळलं. मग सांगायचं धाडस झालं नाही."

कार्बन उठला. टेबलावर उघडा पडलेला मिक्सर त्याने उगाच बंद केला, आत गेला आणि दार लावून घेतलं. रात्री जेवायलाही बाहेर आला नाही. मुलगी बिचारी सारखी म्हणत होती, "काका, त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे." इंटरव्हलला तो माहीत होता, म्हणूनच तो सोफ्यावर उताणा पडून छताकडे बघत राहिला. आपण दोन मित्र जोडायला निघालो आणि होता तोही घालवला, असं त्याला वाटत होतं. एकतीस वर्षांपूर्वी हेच वाटलं असतं, फक्त तेव्हा सगळे तरुण असते आणि रागवायलाही वेळ असता.

सकाळी तो बूट घालत असताना दार उघडलं. कार्बनच्या हातात एक नवी चिठ्ठी होती, चार घड्या घातलेली.

"त्याच्याकडे जाणार आहेस ना?"

"हो. तूही चल. मागे बसायला जागा आहे."

"नाही. मला राग आलेला आहे. तुझ्या मागे दोनशे किलोमीटर बसलो तर तो उतरेल, आणि मला तो अजून दोन-चार दिवस हवाय." त्याने स्वतः डबा उघडला, जुन्या चिठ्ठीवर नवी ठेवली आणि झाकण हाताने दाबून लावलं. "खिशात ठेवू नकोस."

दुसरा दिवस उन्हाचा होता. फोकस डोंगराच्या पायथ्याशी, सून शिकवते त्या शाळेजवळ राहतो, घराला तीन पायऱ्या. तो तिसऱ्या पायरीवर बसला होता, बिनचष्म्याचा. तसा तो इतका अनोळखी दिसत होता की इंटरव्हल आधी पुढेच निघून गेला.

या वेळी त्याने चहाची वाट बघितली नाही. मोटारसायकलवरून उतरला, डबा पायरीवर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खिसा, पंक्चर, 'मला नाही बुवा आठवत', सगळं. शेवटी म्हणाला, "तुझे वडील तसे गेले ते माझ्यामुळे." आणि मग त्याला रडू आलं, चारचौघांत येऊ नये तसं.

फोकस डब्याकडे वळला. त्याने डबा उघडला. जुनी चिठ्ठी वाचली, दोनदा. मग नवी उघडली आणि वाचून ती इंटरव्हलपुढे धरली. "वाच. अकरा वर्षं वाचली नाहीस, आज वाच."

कार्बनने जुन्या चिठ्ठीतलंच पुन्हा लिहिलं होतं. 'भाग चौदा गुंडाळलेला नाही. दांडा तुटला. आधी गुंडाळून घे, मग लाव.' आणि त्याखाली एक ओळ: 'उत्तर याच माणसाबरोबर पाठव. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही.'

फोकस आत गेला. बराच वेळ खणांचे आवाज येत होते. बाहेर आला तेव्हा एका हातात निळी पेन्सिल होती, नातीच्या दप्तरातली, आणि दुसऱ्या हातात चष्म्याची एक जुनी चामड्याची डबी. मास्तरांची. जुनी चिठ्ठी घडी करून त्याने त्या डबीत ठेवली आणि डबी बंद केली. "त्यांना कळायला हवं होतं," तो म्हणाला. एवढंच. तुला माफ केलं, असं तो म्हणाला नाही, आणि इंटरव्हलने ते मागितलंही नाही.

मग नवी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून त्याने खाली सावकाश लिहिलं, 'मिळाली.' थोडं थांबून आणखी काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि डब्यात टाकली.

"आज राहा," तो म्हणाला. "सकाळी नीघ. तिकडे तीनच्या आत पोचव, तो वाट बघत असेल."

सकाळी निघताना इंटरव्हलने बायकोला फोन केला. मुलाने उचलला आणि विचारलं, "बाबा, घरी कधी येताय?"

"आधी एक खेप टाकायची आहे," तो म्हणाला. त्याने डबा दोरीने बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि तिसऱ्या किकेला निघाला.